‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मोजायची कशी? एका गाजलेल्या शोधनिबंधाची चिकित्सा

पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे मेसेज येतात तेव्हा एक विषय त्यात हमखास असतो: ‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’. विषय वाईट नाही. पण तो का निवडला असं विचारलं, की थोड्या आढेवेढ्यांनंतर खरं कारण बाहेर येतं. डेटा आयता पडलाय. लोक रोज लिहितायत, लाइक करतायत, फॉरवर्ड करतायत. आपण गोळा करायचं आणि मोजायचं, बस्स.

या ‘मोजायचं, बस्स’बद्दल आज लिहायचंय. मी स्वतः संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली आहे, त्यामुळे मोजण्याशी माझं वैर नाही. पण आपण नक्की काय मोजतोय हा प्रश्न या विषयात फार लवकर बाजूला पडतो, आणि मोठमोठ्या लोकांकडूनही पडतो. म्हणून एक गाजलेला शोधनिबंध घेऊ आणि तो भोर तालुक्यातल्या आमच्या उत्रोलीत बसून वाचू. गावात बसून का, ते पुढे कळेलच.

निबंधात काय केलं होतं?

क्रेमर, गिलरी आणि हॅनकॉक या तिघांचा हा निबंध जून २०१४ मध्ये ‘पीएनएएस’ या अमेरिकन विज्ञानपत्रिकेत छापून आला. क्रेमर फेसबुकमध्ये नोकरीला होते, बाकी दोघं कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित. प्रश्न असा होता: समोरासमोर न भेटता, नुसत्या मजकुरातून एकाची भावना दुसऱ्याला ‘लागते’ का? सर्दी लागते तशी.

जानेवारी २०१२ मधला एक आठवडा त्यांनी घेतला. इंग्रजीतून फेसबुक वापरणारे ६,८९,००३ लोक निवडले. एका गटाच्या फीडमधून मित्रांच्या आनंदी पोस्टपैकी काही वगळल्या, दुसऱ्या गटाच्या फीडमधून दुःखी पोस्ट वगळल्या, आणि तुलनेसाठी काही गटांच्या फीडमधून तेवढ्याच प्रमाणात कुठल्याही पोस्ट वगळल्या. आनंदी पोस्ट म्हणजे काय? जिच्यात किमान एक सकारात्मक शब्द आहे ती. दुःखी म्हणजे किमान एक नकारात्मक शब्द असलेली. शब्दांची वर्गवारी ‘ल्यूक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने केली. मग या लोकांनी स्वतः काय लिहिलं तेही त्याच सॉफ्टवेअरने मोजलं. तीस लाखांहून जास्त पोस्ट, बारा कोटींहून जास्त शब्द.

निष्कर्ष: फीडमधला आनंद कमी केला, की लोक सकारात्मक शब्द कमी आणि नकारात्मक शब्द जास्त लिहितात. दुःख कमी केलं, की उलट. म्हणजे भावना संसर्गाने पसरते आणि माणसाच्या नकळत पसरते, असं लेखकांनी मांडलं.

आधी चांगलं काय ते बघू. चिकित्सा म्हणजे नुसती झोडपाझोडपी नव्हे, हे तोंडी परीक्षेतही लक्षात ठेवा. ‘आनंदी माणसांचे मित्रही आनंदी असतात’ असं सांगणारा अभ्यास आधीही करता येत होता. पण त्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळत नाही, कारण आनंदी माणसं मुळातच एकमेकांना शोधून काढत असतील. इथे लोकांची गटवारी यादृच्छिक होती, म्हणजे चिठ्ठी टाकून केल्यासारखी. त्यामुळे ‘फीड बदललं म्हणून लिहिणं बदललं’ हे विधान भक्कम आहे. माझी तक्रार त्याच्या पुढच्या उडीबद्दल आहे. लिहिणं बदललं, म्हणून भावना बदलली, ही ती उडी.

आधी आकार बघा

निबंधातला सगळ्यात मोठा परिणाम कोहेनच्या ‘डी’मध्ये ०.०२ आहे. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, त्याचा अर्थ लावा. दोन्ही गटांतून एकेक माणूस उचलला आणि ‘यांपैकी कुणाच्या फीडमधला आनंद कमी केला होता?’ हे त्यांच्या शब्दांवरून ओळखायला सांगितलं, तर हजारपैकी साधारण ५०६ वेळा तुमचं उत्तर बरोबर येईल. नाणं उडवलं असतं तर ५०० वेळा आलं असतं. शब्दांत सांगायचं तर हजार शब्दांमागे एखादा सकारात्मक शब्द कमी झाला.

मग निकाल ‘लक्षणीय’ कसा ठरला? नमुना प्रचंड होता म्हणून. नमुना पुरेसा मोठा असेल तर केसाएवढा फरकही पी-मूल्याच्या चाळणीतून पास होतो. पी-मूल्य सांगतं की असा फरक निव्वळ योगायोगाने दिसणं किती अवघड आहे. तो फरक कुणाच्या आयुष्यात जाणवेल का, हे ते सांगत नाही. लेखकांना याची जाणीव होती. छोटा परिणामही कोट्यवधी लोकांवर पसरला की एकूण आकडा मोठा होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो चूक नाही. पण तो मंच चालवणाऱ्याच्या जागेवरून खरा आहे. एका माणसाचं मन समजून घेणाऱ्याच्या हाती त्यातून फार काही लागत नाही.

शब्द म्हणजे भावना?

आता उत्रोलीत या. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप कुठल्याही गावाच्या ग्रुपसारखाच आहे. पुण्यामुंबईत नोकरीला गेलेले, भोरला दुकान असलेले, भात लावणारे, सगळे त्यात. सकाळी कुणाच्या तरी निधनाची बातमी येते: नाव, वय, अंत्यविधीची वेळ, ठिकाण. मग सुरू होतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, हात जोडलेली इमोजी, पुन्हा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दुपारपर्यंत स्क्रीन भरते.

शब्द मोजणारं यंत्र इथे काय करेल? लिपीतच अडखळेल, कारण निम्मी श्रद्धांजली रोमन अक्षरांत येते आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. ते दुरुस्त केलं तरी ‘भावपूर्ण’ हा शब्द सकारात्मक धरायचा की नकारात्मक? आणि मराठीत ‘नाही’ बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. ‘बरं वाटत नाही’ यातलं ‘बरं’ यंत्राने आधीच आनंदाच्या खात्यात टाकलेलं असतं. इंग्रजीतही सुटे शब्द मोजताना हाच घोळ होतो आणि या निबंधावर तशी टीका झालेली आहे.

पण समजा यंत्र सुधारलं. त्या दिशेने काम चालूच आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे सोळा हजार मराठी ट्वीट सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशा तीन वर्गांत लावून खुले केले. मराठीत असं काही नव्हतंच, त्यामुळे हे काम मोलाचं आहे. तरी खरी अडचण त्यापुढे उरतेच. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणारा त्या क्षणी दुःखी आहे का?

काही जण असतील. बरेच जण हजेरी लावत असतात. चाकणच्या कंपनीत पहिल्या पाळीला असलेला माणूस अंत्यविधीला पोचू शकत नाही, म्हणून तो ग्रुपवर येऊन जातो. ‘मला कळलंय, मी आलोय’ एवढंच त्याला सांगायचंय. पुढे दशक्रियेला भेट झाली तर ‘तू साधा मेसेजही टाकला नाहीस’ असं कुणी म्हणू नये, हाही हिशोब त्यात असतो. हे ढोंग नाही, नातं राखणं आहे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच अशा बोलण्याला वेगळं नाव दिलं होतं. माहिती देणं किंवा विचार सांगणं हा ज्याचा हेतूच नसतो, फक्त संबंध जागता ठेवायचा असतो, असं बोलणं. आपल्याकडे ‘जेवलास का?’ विचारणाऱ्याला तुमच्या पोटाची माहिती हवी असते का? तसंच हे.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरातला मुलगा ग्रुपवर काहीच लिहीत नाही. दहावा, तेरावा होईपर्यंत त्याचं खातं गप्प. शेजारच्या म्हाताऱ्या बायका ग्रुपवर नाहीतच, त्या घरी जाऊन बसतात. म्हणजे ज्याचं दुःख सगळ्यात जास्त, त्याच्या खात्यावर शब्द शून्य. आणि ज्याने गेलेल्या माणसाला आयुष्यात दोनदाच पाहिलं, त्याच्या खात्यावर चार शब्द आणि तीन इमोजी. शब्द मोजून दुःख मोजायला गेलात तर गावातल्या दुःखाचा क्रम उलटा लागेल.

याला संशोधनाच्या भाषेत वैधतेचा प्रश्न म्हणतात. तुमचा तराजू शंभर वेळा वजन करून शंभर वेळा तेच उत्तर देत असेल तर तो विश्वासार्ह आहे. पण तो वजनाऐवजी उंची मोजत असेल तर वैध नाही. आणि नमुना सात हजारांचा असो की सात लाखांचा, वैधतेचं भोक नमुन्याने बुजत नाही.

भावना लागली, की भान राखलं?

इथे निबंधाचा समर्थक म्हणेल: ठीक आहे, शब्द म्हणजे थेट भावना नाही. पण फीड बदलल्यावर शब्द बदलले, याचा अर्थ मनात काहीतरी हललं असणारच ना? लेखकांनी एक चांगला मुद्दाही मांडलाय. लोकांनी नुसती नक्कल केली असती, तर आनंदी पोस्ट कमी दिसल्यावर आनंदी शब्द कमी झाले असते आणि विषय संपला असता. पण त्याबरोबर नकारात्मक शब्द वाढलेही. म्हणजे ही नुसती री ओढणं नाही, संसर्ग आहे.

मला हे पटत नाही, आणि का ते पुन्हा गावाच्या ग्रुपवर दिसतं. निधनाची बातमी आली त्याच दिवशी कुणाचा तरी वाढदिवस असतोच. केक, फटाके, ‘भावी सरपंच’ वगैरे मजकूर तयार असतो. पण तो पडत नाही, आणि पडलाच तर कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, ‘अरे, आज नको.’ शुभेच्छा देणारा दुःखी झालेला नसतो. त्याने भान राखलेलं असतं. मयताच्या घरासमोरून जाताना वाजंत्री बंद करतात, कारण कुठे काय शोभतं ते माहीत असतं. वाजवणाऱ्याच्या मनात त्याची हळद चालूच असते.

आणि भान दोन्हीकडून चालतं. ग्रुपवर सगळे लग्नाचे फोटो टाकत असतील तर माणूस आपलं रडगाणं आवरतो. उलट वातावरण जरा उतरलं, की ज्याने आठवडाभर आपलं दुखणं दाबून ठेवलेलं असतं, तो म्हणतो, ‘आमच्याकडेही आईची तब्येत बरी नाही.’ म्हणजे आनंदी शब्द घटले आणि दुःखी वाढले, पण नवं दुःख कुणालाच लागलेलं नाही. होतं ते बोलायला जागा मिळाली. लेखकांना जो पुरावा संसर्गाचा वाटला, तोच भान राखण्याचाही असू शकतो.

निबंधात आणखी एक निरीक्षण आहे: ज्यांच्या फीडमधला भावनिक मजकूरच कमी केला, ते स्वतःही एकूण कमी भावनिक लिहू लागले. कुणी काही बोलेना, म्हणून आपणही गप्प. हे तर संसर्गापेक्षा भानाच्या बाजूने जास्त नीट बसतं.

आता मी म्हणते तेच बरोबर, असं मी कशावरून म्हणू? म्हणत नाही. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण आहे, पुरावा नाही. पण दोन स्पष्टीकरणं वेगळी कशी करायची हे सांगता येतं, आणि संशोधनाच्या तयारीत नेमका हाच सराव करायचा असतो. भावना खरंच लागली असेल तर ती चारचौघांत आणि खासगीतही दिसली पाहिजे: पोस्टमध्ये, एकट्या मित्राशी केलेल्या चॅटमध्ये, रात्री भरलेल्या मनःस्थितीच्या प्रश्नावलीत. फक्त भान राखलं जात असेल तर फरक चारचौघांतल्या लिहिण्यात दिसेल आणि खासगीत दिसणार नाही. म्हणजे एकाच माणसाचं दोन ठिकाणी मोजमाप हवं. या निबंधात ते एकाच ठिकाणी केलंय, आणि तेही सगळ्यात चारचौघांतल्या ठिकाणी.

खुणेवरून मन वाचलं की काय होतं

एवढा कीस कशाला, असं वाटेल. म्हणून महाराष्ट्रातलीच एक घटना आठवून देते. नोव्हेंबर २०१२, म्हणजे हा प्रयोग झाला तेच वर्ष. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सगळं बंद होतं. त्या बंदबद्दल पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली.

पोस्ट लिहिणारीला अटक होणं हेच गंभीर होतं, पण संशोधक म्हणून मला लाइक करणारीबद्दल जास्त विचार करावासा वाटतो. लाइक म्हणजे काय? सहमती? ‘वाचलं’ एवढीच पोच? मैत्रिणीला साथ? की स्क्रोल करताना सवयीने लागलेला अंगठा? त्या बटणाच्या मागे यातलं काहीही असू शकतं. कारवाई करणाऱ्यांनी एकच अर्थ धरला आणि तोच पुरावा मानला. पुढे या अटकेचा मोठा निषेध झाला, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द झालं.

संशोधक कुणाला अटक करत नाही, कबूल. पण उडी तीच आहे: खुणेवरून थेट मनावर. आणि आपण शोधनिबंधात ‘लाइक म्हणजे सहमती’ असं एका ओळीत गृहीत धरतो, तेव्हा ते गृहीतक तिथेच राहत नाही. उद्या कुणीतरी त्यावर सॉफ्टवेअर बनवतं, परवा ते कुठल्यातरी कार्यालयात वापरलं जातं.

विचारलं होतं का?

निबंधावरची सगळ्यात गाजलेली टीका संमतीची. त्या सात लाख लोकांना आपण प्रयोगात आहोत हे माहीत नव्हतं. फेसबुकच्या अटी मान्य केल्या म्हणजेच संमती, असं निबंधात म्हटलंय. प्रयोग जानेवारी २०१२ मधला, आणि त्या अटींमध्ये ‘संशोधन’ हा शब्द आला मे २०१२ मध्ये. कॉर्नेलच्या नैतिकता समितीने हे आपल्या कक्षेत येत नाही असं ठरवलं, कारण प्रयोग फेसबुकने केला होता. जुलै २०१४ मध्ये पत्रिकेने स्वतःच संपादकीय चिंता व्यक्त करणारं टिपण छापलं: माहितीपूर्ण संमती आणि बाहेर पडण्याची मुभा ही तत्त्वं पूर्ण पाळली गेली नसावीत.

आता कल्पना करा, हाच प्रयोग आमच्या ग्रुपवर झाला. ‘नकारात्मक मजकूर’ म्हणून निधनाची बातमी काही जणांना दिसलीच नाही. प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने एक पोस्ट वगळली गेली. गावच्या दृष्टीने एक माणूस मातीला यायचा राहिला, आणि ते पुढची दहा वर्षं त्याला ऐकवलं जाईल. फेसबुकवर त्या वगळलेल्या पोस्ट मित्राच्या पानावर जाऊन बघता येत होत्या, हे खरं. पण बातमी कळलीच नाही तर बघायला जाणार कोण?

नैतिकता समितीचा फॉर्म म्हणजे कागदी कटकट, असं आपल्याकडे सर्रास समजतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचाही विचार केलेला आहे, तो भाग एकदा वाचा. आणि फॉर्म भरताना स्वतःला विचारा: मी ज्याला ‘डेटा’ म्हणतेय, ते लिहिणाऱ्यासाठी काय आहे?

मग विचारूनच करायचं का?

दुसरी पद्धत तीच. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. कंपनीच्या लेखी प्रश्न फॉरवर्डच्या संख्येचा होता. २०१९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बोलून अहवाल लिहिला. लोक अफवा पुढे पाठवतात ते अडाणीपणामुळे, ही सोपी समजूत त्यांनी मोडली. आधीपासून मनात असलेला पूर्वग्रह त्यांना जास्त महत्त्वाचा वाटला. फॉरवर्ड कितीही मोजले असते तरी हे कळलं नसतं.

पण विचारण्यालाही मर्यादा आहेत. समोर बसलेल्या शहरी संशोधकाला कोण सांगेल, ‘हो, मीच पाठवला होता तो मेसेज’? तिथेही माणूस भान राखूनच बोलतो. म्हणून मोजणं की विचारणं अशी बाजू घेऊ नका. एकातली फट दुसऱ्याने तपासा.

तुमचा प्रस्ताव लिहायला घेतलात की सांख्यिकीकडे वळण्याआधी एक पान हाताने लिहा. तुम्ही मोजणार आहात ती खूण, मग ती लाइक असो, शब्द असो की फॉरवर्ड, लोक कशाकशासाठी वापरतात? निदान पाच उपयोग लिहा. त्यातल्या कुठल्या उपयोगामुळे तुमचा निष्कर्ष उलटा होईल, त्याखाली रेघ मारा. आणि ज्यांनी ती खूण केलीच नाही, ते कोण आहेत आणि त्या वेळी कुठे बसलेत, याची वेगळी ओळ लिहा. मार्गदर्शक पहिल्या भेटीत विचारतात ते प्रश्न साधारण याच पानावर असतात. हे पान भरता येत नसेल तर डेटा उतरवून घ्यायची घाई करू नका, आधी चार घरी जाऊन बसा.